गिरमिट आन् गोगलगाय

अख्ख्या खालापुरात मी हसवला नाय असा मानूस शोधून सापडायचा नाय. त्यातले निम्मे माझ्या गोष्टीला नाय, मला हसायचे, ते सोडा.

आमच्या बायकोला टीबी झाला. इंजेक्शनांनी छाती सुधारली, पन दोनी कान गेले. ठार. मग मी हातांनी बोलायचो आन् ती तोंडानं. तेबी एवढ्या मोठ्यानं, की आमची भांडनं शेजारच्या कुंभिवली गावच्या टेंपोवाल्यांना पाठ. मधे नात झाली. ती रडली की मी हात हलवून बायकोला सांगायचो.

सहा वर्षांनी मुंबईचे डॉक्टर म्हनाले, नवीन ऑपरेशन निघालंय. कानामागं चिरा द्यायचा, सुतार गिरमिटानं लाकूड पोखरतो तसं हाड पोखरायचं, आत गोगलगाईच्या शंखासारखं काय असतं त्यात बारीक तार सारायची. "पहिल्यासारखं नाही, पण आवाज येईल. मात्र त्याच वाटेवर चेहऱ्याची नस आहे. तिला धक्का लागला तर अर्धं तोंड वाकडं राहू शकतं. बाईंना सगळं समजवा, मगच कागदावर अंगठा घ्या."

समजवायचं काम माझं! वॉर्डात उभा राहून मी कानामागं गिरमिट फिरवलं, डोक्यावर दोन बोटं धरून गोगलगाय झालो. सगळा वॉर्ड हसला, तीबी हसली. नस आली तिथं मात्र हात थांबले. हे कळलं तर ही नको म्हनेल. आन् मला तर परत तिला माझ्या गोष्टी ऐकवायच्या व्हत्या. मी ते गिळलं. तिनं अंगठा पुढं केला.

नर्सबाईंनी मला विचारलं, "तोंडाचं सांगितलंत?"

मी खाली बघत राहिलो. बायकोनं हनुवटी धरून माझं तोंड वर केलं. "काय लपवताय?"

मग मी तिच्याकडं बोट केलं आन् माझं तोंड वाकडं केलं. जत्रेत ह्याच तोंडावर लोक लोळायचे. इथं कुनी हसलं नाय. माझ्या डोळ्यांतनं पानी आलं, तोंड सरळ करायचंबी भान राहिलं नाय.

तिनं स्वतःच्या गालावरनं हात फिरवला. बराच वेळ. मग अंगठा शाईला लावला.

"नातीचा आवाज ऐकायला आलेय मी," वॉर्डभर ऐकू गेलं. "तुमच्या गोष्टींना तर कान व्हते तवाच विटले व्हते."