नळाला लावलेली मोटर

देवासला आमच्या गल्लीत नळ एक दिवसाआड येतो आणि नळाला थेट मोटर जोडायला बंदी आहे. म्हणूनच प्रत्येक घरात मोटर आहे. बसवणारा मात्र एकच. त्याचं नाव कुणी विचारलेलं नाही. सगळे ‘भिया’ म्हणतात, म्हणजे इकडच्या बोलीत भाऊ.

मोटर चालू केली की तो पाइपाच्या तोंडावर तळहात ठेवतो. हात चिकटला की दात काढून हसतो आणि सोडवून त्यावरचा लाल गोल वळ दाखवतो. तीच त्याची गॅरंटी.

"बढिया खेचती है, भिया!" माझ्या घरी नवी मोटर बसवून त्याने वळ दाखवला तेव्हा मी म्हणालो.

"मोटर कुछ नहीं खेचती, मास्साब. बस अंदर जगह खाली करती है. बाहर जो दबाव में बैठा है, वो खुद घुस आता है."

सक्शन म्हणजे ओढणं नव्हे, हे मी पस्तीस वर्षं शाळेच्या फळ्यावर लिहिलं होतं. घरी कधी आणलं नाही.

त्याने नळ जोडला, बादली भरली, हुंगली आणि माझ्या नाकापुढे धरली. गटाराचा वास.

"लाइन में पानी कम, मोटरें ज्यादा. पाइप जहाँ फूटा है, वहाँ से नाली घुस रही है. वकीलसाब ने कल ही एक हॉर्सपावर की लगवाई." त्याने पाना उचलला. "निकाल दूँ?"

शेजारी वकिलांची टाकी भरून वाहत होती.

"निकालना काहे को?" मी म्हणालो. "डेढ हॉर्स की लगा दो."