चुकलेल्या एकादशीचा उपवास

देव आपल्याबरोबर विमानात बसून परदेशी येतो की गावातच राहतो, हा प्रश्न मला हर्सूलच्या घरात कधी पडला नसता. तो पडला आखातातल्या एका बंद हॉलमध्ये, आणि तेव्हा माझा देवावर भयंकर राग होता. उगाच कशाला लपवू?

मी विधवा बाई. औरंगाबादला गुलमंडीतल्या एका कापडदुकानाच्या माडीवर बसून वीस वर्षं ब्लाउज शिवले. मग एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची सेवा करायला आखातात गेले. दोन वर्षांनी म्हातारी वारली. तिच्या लेकांनी घराला कुलूप लावलं आणि माझा पासपोर्ट कुणाकडं आहे, हे सांगायलाही कुणी थांबलं नाही. राहण्याच्या परवान्याचं मुदत संपलेलं कार्ड पर्समध्ये घेऊन मी बसथांब्यावर उभी होते, तिथूनच पोलिसांनी मला गाडीत घातलं. माझ्या वैशालीला तेव्हा नुकताच नववा लागला होता. एकुलती लेक, तिला बाप नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही आपली रीत, आणि तिचं माहेर म्हणजे मी एकटी. सोयगावला सासरी ती दिवस मोजत बसली असेल, या विचारानं माझा जीव तीळतीळ तुटायचा.

त्या हॉलमध्ये आम्ही चाळीसेक बायका होतो. देशोदेशीच्या, कुणाचे कागद हरवलेले, कुणाचे मालकानं दाबून ठेवलेले. एकाला एक चिकटून अंथरलेल्या पातळ गाद्या, खिडक्यांना आतून रंग फासलेला, दिवे चोवीस तास चालू. संडास दोनच, त्यातला एक तुंबलेला. अंगावरचा एकच कपडा, तोच धुवायचा आणि ओलाच घालायचा. मारहाण कुणी केली नाही, खोटं का बोलू. पण नावानं हाकही कुणी मारली नाही. सकाळ-संध्याकाळ शेरडं मोजावी तशी मोजून जायचे. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं फोन मिळायचा, पण माझा मोबाइल काढून घेतलेला आणि लेकीचा नंबर मला पाठ नव्हता. फोन हातात धरून मी नुसतीच उभी राहिले. असली कशी गं मी आई, असं झालं.

मला पकडलं तो द्वादशीचा दिवस. आदल्या दिवशीचा उपवास सोडला होता म्हणून पक्कं आठवत होतं. एकादशी मी लग्नाआधीपासून धरते, तोवर एकही चुकवलेली नव्हती. तिथं कॅलेंडर नाही, चंद्र दिसायचा नाही. म्हणून रोज सकाळच्या मोजणीनंतर मी ओढणीच्या टोकाला एक गाठ मारायची. मधेच मला सणकून ताप भरला. शेजारच्या गादीवर सेलाम नावाची इथिओपियाची पोरगी होती, माझ्या वैशालीच्याच वयाची. तिची भाषा मला येईना, माझी तिला. पण माझ्या कपाळावर ओलं फडकं ठेवत ती दिवसदिवस बसून राहिली. ताप उतरल्यावर अंदाजानं दोन गाठी मारल्या आणि पुढं मोजत गेले.

पुढच्या एकादशीपर्यंतच्या गाठी भरल्या त्या सकाळी मी जेवणाचं ताट परत केलं. उपवासाचं तिथं काय मिळणार? नुसत्या पाण्यावर राहायचं ठरवलं. पहारेकरीण ओरडली, ताट परत समोर आदळलं. मला ठाऊक नव्हतं की आमच्या आधी काही बायकांनी अन्न सोडून दंगा केला होता, आणि तेव्हापासून ताट नाकारणारीला वर कळवायचा हुकूम होता. बाकीच्या बायका घाबरून खुणा करू लागल्या, खा बाई खा, नाहीतर एकटीला कोंडतील. मनात म्हटलं, देवा, तुला इथलं दिसत नसेल तर मी उपाशी राहून काय उपयोग? हात ताटाकडं गेला होता, खरंच सांगते. तेवढ्यात सेलामनं स्वतःचंही ताट परत सरकवलं, माझ्या शेजारी येऊन मांडी घातली आणि माझा हात घट्ट धरला. तिला वाटलं, मी आम्हा सगळ्यांसाठीच भांडतेय.

दुपारी आम्हा दोघींना डॉक्टरांच्या खोलीत नेलं. डॉक्टरांबरोबर हैदराबादची एक नर्स होती. तिनं माझ्याकडं पाहून विचारलं, “अम्मा, खाना कायकू छोड दिये? हडताल है क्या?”

आपल्याकडची बोली ऐकून माझा बांधच फुटला. “हडताल कायकी गे माँ! आज एकादशी है. मेरा उपास है.”

ती हसली. “कहाँ के, अम्मा?”

“औरंगाबाद के. गुलमंडी में कपडे सीती थी मैं.”

तिनं माझा कागद उलटसुलट करून पाहिला आणि तिचं हसू गेलं. “इसमें तो दूसरा मुलुक लिखे.” माझ्या नावापुढं देशच भलता लिहिला होता. आपल्या वकिलातीला माझा पत्ताच नव्हता. महिनोन्महिने नसता लागला. मग लेकीचे दिवस भरत आल्याचं मी तिला रडत रडत सांगितलं. तिनं डॉक्टरांना समजावलं, नवा अर्ज भरला, माझी सही घेतली.

सेलामशीही ती तीन भाषांत बोलून पाहत होती. एकही जुळेना. शेवटी तिला परत आत पाठवलं.

दहाव्या दिवशी तात्पुरता कागद आला आणि मला न्यायला गाडी आली. मी मागं वळून पाहिलं नाही. घाई होती असं लोकांना सांगते. खरी गोष्ट ही की मला भीती वाटत होती, वळले तर मला परत आत घालतील. सेलाम दाराशी उभी होती का, तेही मला माहीत नाही.

हर्सूलला पोचले तर दार सताड उघडं. वैशाली शेजारणीकडून किल्ली घेऊन आधीच येऊन बसली होती. “सासूबाई लई बोलल्या, पण म्या म्हणलं, आई येतीच,” म्हणाली. मी उंबऱ्यावरच बसले आणि पोटभर रडले. चौथ्या दिवशी नात झाली.

बारशाची तारीख बघायला कॅलेंडर काढलं तेव्हा सहज मागचं पान उलटलं. माझी एकादशी चुकली होती. तापातले दोन दिवस कमी मोजले गेले. खरी एकादशी शुक्रवारी होती, आणि त्या दिवशी मी ताटभर भात खाल्ला होता. शुक्रवारी तिथं सुट्टी, डॉक्टर नाही, नर्स नाही. अर्जावरच्या तारखेवरून कळलं, मी उपवास धरला तो रविवारी, त्रयोदशीला. इतकी वर्षं एकादशी चुकवली नाही याचा मला तोरा होता. तो त्या दिवशी उतरला. आपण धरतो ते आपल्या समाधानासाठी, पोचवणारा तो आहे, एवढंच मला कळलं आणि तेवढं पुरे आहे.

आता एकादशीला देवापुढं बसते, आधी उपकार मानते. नात मांडीवर असते. मग म्हणते, पांडुरंगा, मी तुझ्यासाठी उपाशी राहिले होते, ती सेलाम माझ्यासाठी. मोठा उपवास कुणाचा, हे तुला सांगायला नको. तिलाही आई असेल. तेवढं तिला घरी पोचव.