तारखेचा चौकोन

रविता टेंभरेची नजर एकोणिसाव्या वर्षी गेली. नागपुरात ती बोलणारा कॉम्प्युटर शिकली, आणि २०१२ साली गावी परतल्यावर गोरेगावातल्या घरी बसूनच तिला काम मिळालं. दवाखान्यासाठी बनणारा प्रोग्राम माऊसशिवाय, नुसत्या कीबोर्डवर चालतो का, हे तपासायचं. टॅब दाबला की एका चौकोनातून पुढच्यात जायचं. कुठे आलो ते कॉम्प्युटर बोलून सांगायचा.

आई राजकुमारीबाई बांधीवर, धानाच्या शेतात, जाताना दाराला बाहेरून कडी लावायची. "कोणी घुसलं तं तुले दिसन का?" म्हणायची.

त्या दिवशी सकाळपासून रविताने पंचेचाळीस रुग्णांची खोटी माहिती भरली. शेवटी जन्मतारखांचं वेगळं पान उघडून ती तारखेच्या चौकोनात आली. तारीख टाइप होईना. टॅब दाबला. "डेट." परत दाबला. "डेट." मागे जाऊन पाहिलं, एस्केप दाबलं, प्रोग्रामची खिडकी बंद होते का पाहिलं. "डेट." प्रोग्राम जबरदस्तीने बंद केला असता, तर सकाळचं सगळं काम गेलं असतं.

तिने कंपनीतल्या हिमांशुला फोन लावला. प्रोग्राम त्यानेच लिहिला होता.

"कॅलेंडरवर क्लिक करा ना," तो म्हणाला.

"मी माऊस वापरत नाही."

"मग कोणाला तरी बोलवा."

"घरी कोणी नाही. दाराला बाहेरून कडी आहे."

"तुमचा माऊस काढून ठेवा," रविता म्हणाली. "फोन चालू ठेवा."

पलीकडून बराच वेळ नुसता खटखट आवाज येत राहिला. मग हिमांशु हळूच म्हणाला, "निघता येऊन नाही राहिलं."

"मी दोन तासांपासून इथंच आहे."

सकाळचं काम गेलंच. संध्याकाळी तिने आईला कडीबद्दल विचारलं. आई चुलीपाशी बसली होती. "पाहू," एवढंच बोलली. दुसऱ्या दिवशीही कडी लागली. रविताने पुन्हा विचारलं, तिसऱ्या दिवशीही. दिवाळीनंतर आईने शेजारच्या सुशिलाबाईंना लक्ष ठेवायला सांगितलं आणि कडी आतून लावायला दिली.

हिमांशुने तारखेचा चौकोन आठवड्यात दुरुस्त केला. पुढचा प्रोग्राम पाठवताना म्हणाला, "या वेळी माऊस काढूनच तपासला."

रविताला त्यात आणखी चार जागा सापडल्या, जिथे जाता येत होतं पण निघता येत नव्हतं. तिने चारही लिहून पाठवल्या.