ढोमणेकाकांचा चढता डोळा

ढोमणेकाका आमच्याकडे पहिल्यांदा आले ते ओळख करून घ्यायला नव्हे, आमचे प्लग तपासायला. मनीषनगरातल्या त्या इमारतीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो, खोकी अजून सुटायची होती. दारात उंच, किंचित वाकलेला म्हातारा उभा. खिशात पेनाच्या जागी टेस्टर. "बाजूचा ढोमणे," एवढंच बोलून ते आत आले, स्वयंपाकघरातल्या एकेका प्लगमध्ये टेस्टर घालून पाहिला आणि जरा नाराजीनंच म्हणाले, "ठीक दिसून राहिलं. पण बिल्डरचा भरवसा नाही ताई. दिवाळीनंतर अजून एकदा पाहीन."

कोराडीच्या वीज केंद्रात त्यांची सारी नोकरी मीटर दुरुस्त करण्यात गेली होती. तिथून निवृत्त होताना त्यांनी एक वाक्य घरी आणलं होतं. "काटा खोटं बोलत नाही, काटा लावणारा बोलते." दूध, आंबे, औषधाच्या गोळ्या, हवामानाचा अंदाज, यांतलं काहीच त्यांच्या संशयातून सुटत नसे. नवी वस्तू घरात आली की वापरण्याआधी तिचे स्क्रू निघत. विमलकाकू, त्यांच्या पत्नी, भाजी निवडता निवडता सांगायच्या, "मले पाहाले आले तं आमच्या घरी सरळ नाही आले. आधी शेजाऱ्याईले इचारलं, पोरगी कशी हाय म्हणून." काका त्यावर शांतपणे म्हणायचे, "मंग, बरोबरच निघालं ना वं." त्यांचे बहुतेक संशय फोल निघत आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नसे. फोल निघाला म्हणजे तपासून तरी झाला, असा त्यांचा हिशेब.

एक संशय मात्र तपासायच्या आधीच बाहेर पडला. आमच्या इमारतीची पाण्याची टाकी जिन्याच्या खोलीवर, उंच खांबांवर होती. तिची लोखंडी शिडी गंजून मोडली होती. कन्हानहून येणारा शंकर दोर टाकून वर चढायचा आणि टाकी धुऊन द्यायचा. त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो टाकी धुऊन, जुनं तडकलेलं झाकण बदलून गेला. काकांना मात्र नळाच्या पाण्याला वास येऊ लागला. आम्हा कोणाला येत नव्हता. "वर गेलाच नाही तो," काका सेक्रेटरींना म्हणाले. "गच्चीवर बिडी ओढली अन् उतरला." सेक्रेटरींनी ते शेजारच्या दोन इमारतींच्या सेक्रेटरींना सांगितलं. पुढे आमच्या सोसायटीनं शंकरला बोलावणं थांबवलं, आणि आजूबाजूच्या इमारतींनीही. तो एकदा येऊन खाली पार्किंगमध्ये उभा राहिला. "काका, झाकण नवीन बसवलं मी. वर जाऊन पाहून घ्या."

"पाहीनच," काका म्हणाले.

पण काकांचे गुडघे जिन्यालाच कुरकुरत होते. दुसरा माणूस चढवावा, तर त्याचं तरी काय खरं? मग त्यांनी ठरवलं, "आपण नाही चढू शकत तं डोळा चढवू." आणि जेवणाच्या टेबलावर ड्रोन आकार घेऊ लागला. मोटारी मोडक्या खेळण्यांतल्या. सांगाडा बॅडमिंटनच्या तुटक्या रॅकेटची दांडी कापून केलेला. सर्किटची पट्टी सीताबर्डीच्या बाजारातल्या जुन्या सामानातून शोधून आणलेली. कॅमेरा वाटाण्याएवढा. सगळं मिळून तळहातावर मावेल एवढं. पहिल्यांदा उडवला तेव्हा तो वर न जाता भोवऱ्यासारखा गरगरला आणि काकूंनी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरड्यांत पडला. काकांनी लगेच दुकानदाराला बोल लावला, मोटारी सदोष दिल्या म्हणून. दोन दिवसांनी कळलं, एका मोटारीच्या वायरी त्यांनी स्वतःच उलट्या जोडल्या होत्या, त्यामुळे ती चुकीच्या दिशेनं फिरत होती. "वायरीचा रंग नाही ओळखू येत आता," एवढंच ते म्हणाले.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी ओट्याशी उभी होते. बाहेर गुणगुण ऐकू आली. पाहते तर खिडकीपलीकडे ते यंत्र हवेत थरथरत उभं, कॅमेरा थेट माझ्याकडे. क्षणभर थांबून ते वर निघून गेलं. मी पडदा ओढला, पण मन स्वस्थ होईना. सगळ्यांचे प्लग तपासणारा हा माणूस आणखी काय काय तपासतो, असं मनात आलं. संध्याकाळी मी त्यांना विचारलं. रागावतील असं वाटलं होतं. ते उलट खूश झाले. "तुमाले संशय आला? यायलाच पायजे. हवेनं सरकते ते, मले अजून आवरत नाही."

चौथ्या मजल्यावरच्या जोशीबाईंना हे उत्तर पुरलं नसतं. त्यांच्या मुलीच्या खिडकीपाशीही ड्रोन दिसला होता. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सभा भरली. सेक्रेटरी समजुतीनं म्हणाले, "काका, कोणाच्या घरात पाहिलं नाही, एवढा शब्द द्या. विषय संपला."

"शब्द नाही देणार," काका म्हणाले.

"म्हणजे पाहिलंत तुम्ही," जोशीबाई म्हणाल्या.

"पाहिलं असतं तं बी शब्द असाच दिला असता ना. शब्दावर काहून जाता? उघडून पाहा." त्यांनी ड्रोन आणि स्क्रू-ड्रायव्हर जोशीबाईंच्या पुढे धरला.

बाईंनी खरंच उघडला. आत काय आहे ते त्यांना कळेना, पण त्यांची मुलगी इंजिनिअरिंगला होती. तिनं नीट पाहिलं. "आई, यात चित्र साठवायची सोयच नाही. काकांच्या हातातल्या त्या स्क्रीनवर दिसतं तेवढंच, मग गेलं."

"मग आमच्यासमोर उडवा," जोशीबाई म्हणाल्या.

स्क्रू परत बसले. ड्रोन वर निघाला, आणि आम्ही सगळे त्या लहानशा स्क्रीनभोवती गोळा झालो. बंद खिडक्या, वाळणारे कपडे, गच्चीचा कठडा, मग टाकी. टाकीवर नवं कोरं निळं झाकण होतं, चारी बाजूंनी तारेनं घट्ट बांधलेलं. काका बराच वेळ बघत राहिले. चित्र अंधूक होतं. स्पष्ट दिसत नाही म्हणाले असते तर कोणी वाद घातला नसता. त्यांनी स्क्रीन सगळ्यांकडे वळवला. "पाहून घ्या. शंकर खरं बोलला होता. खोटा मी."

त्यांची नजर स्क्रीनवरून हलली तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. ड्रोन कठड्यावर आपटून खाली सिमेंटवर पडला. सर्किटची पट्टी मधोमध चिरली होती.

दुसऱ्या दिवशी ते कन्हानला निघाले. माझं कॉलेज कामठीला, कन्हानच्या वाटेवरच, म्हणून मी सोबत गेले. शंकर घरापुढे बसून दोराचे पीळ तपासत होता. त्यानं बसा म्हटलं नाही. काका उन्हातच उभे राहिले.

"शंकर, झाकण पाहिलं मी. नवीन हाय. बांधलं बी बरोबर हाय. माहं चुकलं."

"मी तेच सांगतलं होतं."

"हो. मी ऐकलं नाही."

शंकरनं दोर बाजूला ठेवला. "मले काहून सांगून राहिले काका? मले तं मालूमच होतं. ज्याईनं माहं काम बंद केलं, त्याईले सांगा."

त्याच्या बायकोनं पाणी आणून दिलं. काका ते उभ्यानंच प्यायले.

आमच्या सोसायटीनं शंकरला परत बोलावलं. शेजारच्या एका इमारतीनंही. तिसऱ्या इमारतीत काका गेले तेव्हा मी बरोबर होते. तिथले सेक्रेटरी तरुण, हातात मोबाइल.

"फोटो आहे का, काका?"

"नाही."

"व्हिडिओ?"

"नाही. मशीन फुटली."

"मग आम्ही मानायचं कसं?"

मी बोलायला तोंड उघडलं. काकांनी हातानं थांबवलं. "थांबा ताई. संशय माहा होता." मग आपल्या मुलाच्या वयाच्या त्या माणसाकडे पाहून म्हणाले, "मी सांगून राहिलो, म्हणून माना." हे वाक्य त्यांच्या तोंडी इतकं परकं होतं की मला दुसरीकडे पाहावंसं वाटलं.

"बघू," सेक्रेटरी म्हणाले. विषय तिथेच संपला, असं मी धरून चालले. काकांनीही पुन्हा तो काढला नाही. दूध, आंबे, गोळ्या यांच्यावरचा संशय पूर्वीसारखाच चालू राहिला. ड्रोन मात्र त्यांनी पुन्हा जोडला नाही.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. तेरवीला शंकर आला, धुतलेला शर्ट घालून, दाराशीच उभा राहिला. काकूंनी त्याला आत बसवलं. त्याला वाढताना मी विचारलं, त्या तिसऱ्या इमारतीनं बोलावलं का कधी?

"नाही," तो म्हणाला. "पण तिथला वॉचमन माह्या गावचा हाय. तो सांगे, म्हातारा दर महिन्याले येते, वर सेक्रेटरीकडे जाते, माहं नाव सांगते अन् जाते. जिने चढाले लय वेळ लागे म्हणे त्याईले. मले कधी बोलले नाही ते."

मग त्यानं खाली मान घालून जेवायला सुरुवात केली.