शेवटच्या बीमचं पाणी

परवा इंदापूरकडच्या एका गावात शाळेची खोली तपासायला गेलो होतो. शेवटच्या बीमचं काँक्रीट फुगून सळई उघडी पडली होती... गावात पाडापाडीची भाषा सुरू होती.

ही खोली तात्या मिस्त्रींनी बांधलेली; तेव्हा मी त्यांच्या हाताखाली शिकत होतो. आज मी बारामतीत रिपेअरिंगची कामं घेतो ती ज्या कानांच्या जोरावर, ते कान तात्यांनीच घडवलेले. हातोडी मारायची आणि ऐकायचं... खणखणीत वाजलं तर ठीक, बदबद वाजलं तर आत पोकळ.

दारात कुणीतरी म्हणालं, "तात्यानं सिमेंट खाल्लं, दुसरं काय!" तात्या तिथंच काठीवर हनुवटी टेकून बसले होते.

तीन बीम खणखणीत वाजले. शेवटचा बदबद... आणि मला ती दुपार आठवली.

काँक्रीटचा माल कालवण्याआधी तात्या पाणी चाखायचे. खारं लागलं की थुंकायचे आणि काम बंद! त्या दिवशी गोडं पाणी संपलं, म्हणून ते ट्रॅक्टर घेऊन आणायला गेले. मला भिगवणला मासे खायला जायची घाई... शेजारच्या विहिरीचं खारं पाणी ओतून मी शेवटचा बीम भरून टाकला. तात्यांना सांगितलंच नाही.

त्याच पाण्यानं सळई खाल्ली. शिडीवरून उतरलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "सिमेंट पुरेपूर आहे. खारं पाणी मी घातलं."

तात्या हसले. "ठावं हाय मला. बीमवर मिठाचं पांढरं फुटलं तवाच कळलं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाही?"

"शिकिवलं कुणी हुतं तुला?"



काल काम सुरू केलं. खराब काँक्रीट काढलं, सळईचा गंज घासला. आता भरून घेऊन बीमच्या पोटात खाच पाडायची आणि इपॉक्सीच्या चिकट लुकणात कार्बन फायबरचा रॉड बसवायचा. तात्यांनी तो रॉड दोन बोटांवर तोलला. "ही वैरणीची काडी छत धरणार व्हय?"

"धरेल तात्या. आणि हिला गंज चढत नाही."

"मग तुझ्यासारख्यांसाठीच काढलीया."

तेवढ्यात माल कालवायला टँकर आला. तात्यांनी काठी बाजूला ठेवली, ओंजळ भरली... आणि माझ्यापुढं धरली.

पाणी गोडं होतं. तरी मी दोनदा चाखलं.