सत्यशीलाच्या बोटांचे ठसे

बिडकीनजवळच्या एका वस्तीवर सत्यशीलाचं सासर आहे. घर धनगराचं. सासरे मल्हारी अजून थोडी मेंढरं राखतात, पण आसपासचं रान प्लॉटांखाली गेलं तसा कळप आटला आणि नवरा अजिनाथ टेम्पो चालवू लागला. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर सत्यशीलाही पैठण रोडवरच्या एका बेअरिंगच्या कारखान्यात लागली.

तिथं तिला पोलादी कड्या तपासायचं काम मिळालं. आरशासारख्या घासलेल्या कडीच्या काठावरून उघडं बोट फिरवायचं, कुठं बारीक कुसळ किंवा ओरखडा लागला तर ती बाजूला काढायची. चांगली कडी पुढं तेलात बुडून डब्यात जायची. लहानपणी माहेरी तिनं मेंढरांच्या लोकरीत हात घालून गोचिड्या शोधल्या होत्या. त्यामुळं की काय, डोळ्यांना न दिसणारं तिच्या बोटाला कळायचं. तपासणी विभागाच्या प्रमुख प्रमोदिनी मॅडम नव्या मुलींना मुद्दाम तिच्या शेजारी बसवत. उभ्या जन्मात कुणी तिच्या हातांचं एवढं कौतुक केलं नव्हतं.

हिवाळा गेला, उन्हाळाही गेला. मे महिन्यात पत्र्याखाली अंग भाजून निघायचं, पण हवा इतकी कोरडी की घाम आल्याबरोबर वाळायचा. कड्या चकचकीत राहायच्या. जुलैत झड लागली आणि टेबलावर ठेवलेल्या काही कड्या तांबूस पडू लागल्या. त्याच सुमारास चेन्नईच्या गिऱ्हाइकाकडून डबे परत आले. आतल्या कड्यांवर गंज होता, आणि त्या गंजात बोटांचे ठसे उमटले होते, अगदी रेषांसकट. ते डबे हिवाळ्यात भरलेले होते.

मॅडमनी तपासणीतल्या प्रत्येक बाईला एकेक स्वच्छ कडी धरायला लावली आणि त्या कड्या गरम, दमट पेटीत ठेवून दिल्या. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली. बाकीच्यांच्या कड्यांवर फार तर एखादा पुसट ठिपका होता. सत्यशीलाच्या कडीवर तिची बोटं तपकिरी उमटली होती.

मॅडम तिच्यावर रागावल्या नाहीत. बाजूला बसवून त्यांनी सांगितलं, की काही माणसांच्या घामात खार जास्त असतो. कोरड्या हवेत तो लोखंडावर नुसता पडून राहतो. दमट हवा लागली की ओल धरतो आणि गंज चढायला लागतो. त्यात हवा उष्ण असली तर फार लवकर चढतो.

"म्हंजी हिवाळ्यातल्या कड्यांवर बी माझाच हात व्हता?" सत्यशीलानं विचारलं.

"हो. इथं तो दिसला नाही, एवढंच."

त्यानंतर तिनं करायचं काही बाकी ठेवलं नाही. दर थोड्या वेळानं ती साबणानं हात धुवायची, पण कोरडे करेपर्यंत तळवे पुन्हा ओलावत. जेवणातलं मीठ तोडलं. सासूबाई मंजुळाबाईंनी लिंबू चोळलं, हळद लावली, खंडोबाला नवस बोलला. अजिनाथनं तिला शहागंजातल्या एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तळवे उलटसुलट पाहिले आणि हा आजारच नाही, म्हणून औषधही नाही, असं सांगितलं. आजार असता तर बरं झालं असतं, असं तिला परतीच्या वाटेवर वाटत राहिलं.

हातमोजेही घालून पाहिले. रबराचे जाड पडत. पातळ मोज्यांत घाम साचायचा, आणि बोट कडीवर फिरवलं तरी काही कळायचं नाही. तिच्या हातून खराब कड्या पुढं जाऊ लागल्या. शेवटी तिला खोके जोडायच्या कामावर पाठवलं. पगारात फरक पडला नाही. मॅडमनी तेवढं सांभाळलं.

थंडी पडल्यावर ती एकदा मॅडमकडं गेली. आता हात कोरडे असतात, निदान एवढे चार महिने तपासणीवर घ्या, म्हणाली.

"सत्यशीला, तुझी कडी इथं राहत नाही गं. ती जिथं जाईल तिथली हवा माझ्या हातात नाही."

सत्यशीला खाली मान घालून परत आली.

ती अजून खोक्यांवरच आहे. तिच्या जागी श्रेया नावाची मुलगी बसते. परवा श्रेया एक कडी घेऊन धावत आली. काहीतरी लागतंय की भास होतोय, हे तिला ठरवता येईना. "ताई, तुम्ही बघा ना जरा," म्हणत तिनं कडी पुढं केली. सत्यशीलाचा हात उचलला गेला, अर्ध्यावर थांबला आणि तिनं तो पदराला पुसून मागं घेतला. वाकून ती कडीकडं नुसती पाहत राहिली.

"बघून नाय कळत मला," ती म्हणाली, आणि पुढचं खोकं उघडायला घेतलं.