सरूच्या डोळ्यावरचा हिरवा ठिपका

दुपारचे तीन वाजलेत. बार्शीतल्या आपल्या फोटो स्टुडिओत मधुसूदन खटावकर शटर अर्धं ओढून कॉम्प्युटरसमोर बसलाय खरा, पण पापण्या काही ऐकत नाहीत. पडद्यावर त्याच्या बायकोचा, सरूचा, शेवटचा फोटो उघडा आहे, आणि तिच्या एका डोळ्यावर हिरवा ठिपका बसलाय. उद्या तिचं वर्षश्राद्ध. फ्रेम आज संध्याकाळपर्यंत व्हायलाच हवी. मुलीचे, मृणालचे, सकाळपासून तीन फोन येऊन गेलेत.

ठिपका कसला, हे मधूला कुणी सांगायला नको. गावातल्या निम्म्या फोटोग्राफरांना त्यानंच शिकवलंय. लेन्सवर काचेचा फिल्टर आणि समोर दिवा असला, की दिव्याचा उजेड आत जाऊन मागे फिरतो, फिल्टरच्या काचेवर आपटतो आणि फोटोत भलत्याच जागी उलटा उमटतो. दिवा असेल तेव्हा फिल्टर काढा रे गाढवांनो, असं तो कानीकपाळी ओरडायचा. आणि स्वतः? सरूच्या शेवटच्या दिवाळीत, पाडव्याला ती ओवाळत होती, तर या शहाण्यानं पाटावर बसूनच कॅमेरा उचलला, फिल्टरसकट! आता घ्या. महिनाभर ठिपका खोडतोय. खोडला की त्या जागी जो डोळा येतो, तो सरूचा नसतो. शेवटी आज त्यानं ठरवलंय, नुसता चेहरा कापून घ्यायचा, एका डोळ्यावरून दुसरा बनवायचा आणि मोकळं व्हायचं.

माउसवरचा हात तसाच राहतो. मान झुकते.

"अहो, काम करताय की डुलक्या काढताय?"

शेजारच्या स्टुलावर सरू बसलीये. अंगावर पाडव्याचीच जांभळी इरकल. मधूला नवल वाटत नाही. उलट रागच येतो, एवढा उशीर केला म्हणून.

"कुठे होतीस?"

"इथंच. तुम्ही रोज खोडताय ना मला."

"तुला नाही गं, ठिपका खोडतोय. जात नाही मेला."

"पोरांना काय शिकवता तुम्ही? ठिपका दिसला की आधी काय करायचं?"

"फोटोचा मध्य धरायचा. ठिपक्यापासून मध्यातून सरळ रेघ ओढायची. तेवढ्याच अंतरावर पलीकडे दिवा सापडतो."

"मग ओढा की."

"दिवा कुठला ते ठाऊक आहे मला. तुझ्या ताटातलं निरांजन."

"ठाऊक आहे म्हणूनच बघितलं नाहीत."

आता मधू पाटावर बसलाय. भोवती रांगोळी, गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा. घर त्याचंच, पण भिंती दवाखान्याच्या आणि देवघराच्या जागी लोखंडी खाट. समोर सरू ओवाळायला उभी आहे. ती निरांजनातल्या तुपात बोट बुडवते आणि आपल्या डोळ्यापासून खाली तिरकी रेघ ओढते. मधूची नजर रेघेबरोबर खाली येते.

ताट एकाच हातात आहे. कलंडलंय, सुपारी पार कडेला आलीये. दुसऱ्या हाताची मूठ तिनं बरगडीखाली दाबून धरलीये, बोटांची पेरं पांढरी पडलीत. सत्तावीस पाडवे तिनं दोन्ही हातांनी ओवाळलं होतं. एका हातानं कुणी ओवाळतं का?

"तेव्हापासून दुखत होतं?"

"नवरात्रापासून."

"अगं मग बोलली का नाहीस!" तो ओरडतो.

"ताट खाली ठेवलं की सांगणार होते. तेवढ्यात तुम्ही कॅमेरा उचललात. म्हणालात, अशी वाकतेस काय, जरा सरळ उभी राहा."

"मग?"

"मग राहिले सरळ." ती अजून तशीच ताठ उभी आहे. "नंतर तुमची लग्नसराई लागली."

पौषात डॉक्टर म्हणाले होते, थोडं आधी आणायला हवं होतं. तेव्हा मधूनं शपथेवर सांगितलं होतं, आम्हाला काही दिसलंच नाही हो डॉक्टर.

फोन खणखणतो. मधू दचकून जागा होतो. अर्ध्या शटरखालून ऊन आत आलंय, आणि पडद्याच्या काचेवर, सरूच्या डोळ्यापासून खालच्या कोपऱ्यातल्या ताटापर्यंत, बोटानं ओढलेली ओशट रेघ आहे. मधू स्वतःची बोटं चाचपतो. कोरडी ठणठणीत. नाक काचेजवळ नेतो. जळक्या तुपाचा वास. रेघ संपते तिथं निरांजन आहे आणि त्याच्या शेजारी ती मूठ. वर्षभर होती. आज तो तेवढंच कापून टाकणार होता.

"बाबा, झाला का फोटो? आईचा डोळा नीट आलाय ना?"

"आहे तसाच लावायचा," मधू म्हणतो. "ठिपक्यासकट, ताटासकट. सगळा."

"पण का बाबा?"

फोन कानाला तसाच ठेवून तो रेघेच्या टोकाशी, त्या मुठीवर हात ठेवतो.

"बस गं," तो म्हणतो. "सरळ उभी राहू नकोस आता. बस खाली."